स्प्रिंगचं दुसरं टोक

विज्ञान शिक्षकांच्या अधिवेशनाला निघालेला माणूस गर्दीतही ओळखू येतो. बाकीच्यांच्या पिशवीत कपडे असतात, याच्या पिशवीत काहीतरी खुळखुळत असतं. कुणी काचेचा चंबू मांडीवर तान्ह्या बाळासारखा घेऊन बसलेला असतो. कुणी लोहचुंबक आणलेला असतो आणि तो शेजाऱ्याच्या चाव्यांशी सलगी करत असतो. आपले स्प्रिंगसर त्या सकाळी बसमधून उतरले, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून पावलापावलाला ‘झन्न झन्न’ असा आवाज येत होता आणि स्टॉपवरचं एक कुत्रं कान टवकारून त्यांच्या मागे चाललं होतं.

पिशवीत स्प्रिंग होती. साधीसुधी नव्हे. चांगली मनगटाएवढी जाड, पोलादी, आणि ताणून जमिनीवर ठेवली की प्रयोगशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचणारी. हिच्यावरूनच त्यांना स्प्रिंगसर म्हणत. एका टोकाला सर उकिडवे बसायचे, हाताला उजवीकडे एक झटका द्यायचे, की स्प्रिंगवर एक फुगवटा उठायचा आणि सापासारखा सरसरत पलीकडे जायचा. पलीकडे कुणी टोक घट्ट धरलेलं असलं, अजिबात न हलता, तर तो फुगवटा तिथे आपटून परत यायचा. पण येताना उजवीकडून नाही, डावीकडून. पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा ‘अरेच्चा’ म्हणतो. सरांनी आयुष्यभर हे ‘अरेच्चा’ ऐकलं आणि त्यांना ते कधी शिळं वाटलं नाही.

पण शाळेत या सगळ्याचं कौतुक करायला होतं कोण? त्यांच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकच, म्हणजे तेच. शिक्षकांच्या खोलीत भाषेच्या बाई होत्या, गणिताचे सर होते, चित्रकलेचे एक सदा झोपाळलेले मास्तर होते. माणसं सगळी चांगली, पण सरांनी काही सांगायला तोंड उघडलं की भाषेच्या बाई म्हणत, “सर, ते तुमच्या लाटांचं राहू द्या. हा पंखा का अडतोय तेवढं बघा.” विज्ञानाच्या माणसाला पंखा, इस्त्री, फ्यूज आणि मुख्याध्यापकांच्या घरचा मिक्सर हे सगळं यायलाच हवं, असा तिथे सर्वांचा समज. सर बिचारे खुर्चीवर चढून पंखा बघत. वरून दिसायचे ते सगळ्यांचे डब्यांत वाकलेले माथे.

घरीही तसंच. लग्न राहून गेलं ते गेलंच. दोन खोल्या, एक ताट, एक पेला, आणि दाराशी एकच चपलांचा जोड. संध्याकाळी परत आले की किल्ली फिरवायच्या आधी ते उगाचच दारावर टकटक करायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर अशा माणसाला वर्षातून एकदा भरणारं हे अधिवेशन म्हणजे काय असेल, विचार करा. तिथे एक माणूस भेटायचा.

त्या माणसाची ओळख झाली तीही स्प्रिंगमुळेच. सर तेव्हा तरुण होते, नोकरीत नवीन होते. अधिवेशनात पहिल्यांदाच प्रयोग दाखवायला उभे राहिले आणि ऐनवेळी लक्षात आलं, दुसरं टोक धरायला माणूसच आणलेला नाही. कानशिलं तापली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक सडसडीत गडी उठला आणि बाह्या सारत म्हणाला, “भौतिकवाल्यांनी पसारा मांडायचा आणि रसायनवाल्यांनी निस्तरायचा, हे जुनंच आहे. आणा इकडे.” आणि त्याने टोक असं धरलं, असं धरलं, की जणू जमिनीतून उगवलेला खुंटच. लाट गेली, आपटली, लखलखीत परत आली. टाळ्या पडल्या.

“हात काय आहे हो तुमचा!” सर नंतर म्हणाले.

“ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून झालाय असा. एक थेंब जास्त पडला तर रंग जातो आणि पोरं हसतात,” तो म्हणाला. “चला, चहा पाजा.”

झालं. त्या दिवसापासून हा त्याला ‘रसायन’ म्हणू लागला आणि तो याला ‘भौतिक’. खरी नावं दोघांनी फक्त नोंदणीपुरती ठेवली. दर वर्षी शेजारी शेजारी बसायचं, वक्त्यांच्या चुका कानात सांगायच्या, जेवताना एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने जागा धरायची, आणि आपल्या पाळीला एकाने हे टोक आणि एकाने ते. मधल्या वर्षभरात ना फोन ना भेट. गरजच वाटायची नाही. वर्षभरात जे जे सुचेल ते सर मनात त्या एकासाठी बाजूला काढून ठेवायचे. पंख्याजवळ चढल्यावरसुद्धा.

आणि मग रसायनला बढती मिळाली. तो साहेब झाला. शाळा तपासणारा, गाडीतून उतरणारा, मागे शिपाई फाईल घेऊन चालणारा साहेब.

सरांच्या ताईने आदल्या रविवारी फोनवर टोचलंच. “काय रे धाकट्या, यंदा तुझा तो मित्र व्यासपीठावर बसणार म्हणे. आता तो खाली बसून तुझी स्प्रिंग धरणार होय?”

“धरेल की. न धरायला काय झालं?”

“अरे, साहेबलोकांच्या पँटीला इस्त्री असते.”

“ताई, तुला तो माहीत नाही.”

“मला तो माहीत नाही, पण तू माहीत आहेस,” ताई म्हणाली. “तू दुसरं कुणी माणूस बघून ठेव. सांगतेय ते ऐक.”

सरांनी ऐकलं नाही. यंदा ते प्रयोगाला आले होते खरे, पण मनात धाकधूक प्रयोगाची नव्हती. लाट काय, ती येणारच परत, निसर्गाचा नियम आहे. त्यांना पाहायचं होतं एवढंच की पलीकडे तो येऊन बसतो की नाही.

अधिवेशन एका मोठ्या शाळेत होतं. सभागृहात खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर कापड आणि पाण्याच्या बाटल्या. साहेब मधल्या खुर्चीवर. थोडे भरले होते, चष्मा बदलला होता. भाषण छान केलं. शेवटी सवयीने विचारलं, “कुणाला काही शंका?” आणि सभागृहभर बसलेल्या सगळ्या शिक्षकांनी एका सुरात उत्तर दिलं, “नाही सर!” मग आपण काय केलं ते कळून सगळे स्वतःलाच हसले. सरही हसले आणि हसता हसता सवयीने डावीकडे वळले, शेजारच्याला कोपर मारायला. शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी जरा सरकून घेतलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठ पडली. साहेबांभोवती माणसांचं कडं होतं. सर पिशवी सावरत पुढे झाले. जिभेवर ‘ए रसायन’ अगदी तयार होतं. पण शिपायाने त्यांच्या झन्न करणाऱ्या पिशवीकडे असं पाहिलं, की तोंडातून निघालं, “नमस्कार साहेब.”

“अरे वा, या सर, या!” साहेब म्हणाले. आवाज प्रेमळच होता. पण ‘सर’ म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “तब्येत काय म्हणते?”

“ठीक. आपलं ते… जेवणाआधी आहे. मागच्या प्रयोगशाळेत.”

“म्हणजे काय, येणारच! दुसरं टोक कोण धरणार मग?” साहेबांनी कड्याकडे वळून सांगितलं, “आमचा फार जुना कार्यक्रम आहे बरं का.” कडं कौतुकाने हसलं आणि साहेबांना घेऊन पुढे सरकलं.

येणारच म्हणाला. सरांच्या पायांत बळ आलं. त्यांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि नकळत दोन घेतली होती हे पाहून एक परत ठेवलं.

मागची प्रयोगशाळा म्हणजे जुनी लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी टेबलं, त्यांचे पाय बोल्टांनी फरशीत आवळलेले. सरांनी मधली फरशी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने पुसली. स्प्रिंग पिशवीतून काढून उलगडून ठेवली. लोक येऊन बाकांवर बसले. त्यात एक ढेरपोटे जीवशास्त्रवाले होते, ज्यांना दर वाक्याला विनोद सुचायचा, आणि पुढच्या बाकावर एक नवीन बाई होत्या, यंदाच नोकरीला लागलेल्या. छातीवरचा बिल्ला त्यांनी अगदी सरळ लावला होता.

“करा सुरू,” जीवशास्त्रवाले म्हणाले. “दुसरं टोक मी धरतो. पण मला उकिडवं बसता येत नाही आणि बसलो तर उठता येत नाही.”

“नको नको. येताहेत,” सर म्हणाले.

“कोण येताहेत?”

“साहेब.”

“अहो, मग जेवूनच येऊ आम्ही!”

हशा पिकला. सर दाराकडे पाहत राहिले. आणखी एकाने हात पुढे केला, त्यालाही नको म्हणाले. मागच्या बाकावरचे दोघे उठून गेले. मग आणखी काही जण. समोर मांडलेली स्प्रिंग आणि एका टोकाशी उभे सर, आणि दुसऱ्या टोकाशी कुणी नाही, असं ते चित्र बराच वेळ तसंच राहिलं. सरांनी फरशी पुन्हा एकदा पुसली.

आणि साहेब आले! मागे शिपाई, हातात फोन, पण आले. “उशीर झाला का?” म्हणत आले, पँट गुडघ्याशी चिमटीत धरून जराशी वर ओढली आणि बसले खाली. खोलीत एकदम जान आली. उठून गेलेलेसुद्धा परत आले. सरांना वाटलं, ताईला इथे आणून उभं करावं.

या मंडळींचा एक रिवाज आहे. प्रयोग करणारा काय होणार ते आधी सांगत नाही. आधी बघणाऱ्यांनी हात वर करून अंदाज सांगायचा, मग प्रयोग. चुकलं तरी चालेल, पण हात वर केलाच पाहिजे. सरांनी घसा साफ केला. “मी उजवीकडे झटका देणार. लाट पलीकडे जाणार. परत येताना उजवीकडून येईल, त्यांनी हात वर करा.” काही हात वर झाले. “डावीकडून?” बरेच हात. जीवशास्त्रवाल्यांनी दोन्ही वेळा केला. “मी दोन्हीकडून आहे,” ते म्हणाले.

सरांनी पलीकडे पाहिलं. “धरलंय?”

“धरलंय,” साहेब म्हणाले. एका हाताने. दुसऱ्यात फोन होता.

सरांनी झटका दिला. सुरेख फुगवटा उठला, सरसरत गेला, साहेबांच्या हातापर्यंत पोचला. आणि संपला. उजवीकडून नाही, डावीकडून नाही. परत आलाच नाही. स्प्रिंग फरशीवर नुसती पडून राहिली.

कुणीच यासाठी हात वर केला नव्हता.

“पुन्हा,” सर म्हणाले. पुन्हा झटका, पुन्हा लाट गेली, पुन्हा तिकडेच विरली. मग त्या नवीन बाईंनी, उभं राहून, वर्गात विचारतात तसं विचारलं, “सर, लाट गेली कुठे?”

इतका चांगला प्रश्न सरांना कुणी कित्येक वर्षांत विचारला नव्हता. पण ते पलीकडच्या हाताकडेच बघत होते. उत्तर आलं ते पलीकडून.

“इथे आली,” साहेब आपल्या तळव्याकडे बघत म्हणाले. क्षणभर ते साहेब नव्हते, रंग बदलतोय का ते पाहणारा रसायन होता. “आली आणि माझा हात तिच्याबरोबर थोडा गेला. त्यात जिरली. घट्ट धरलं असतं तर परतली असती. अगदी सोडून दिलं असतं तरी परतली असती. हे मधलंच झालं. भौतिक, एकदा दोन्ही हातांनी…”

फोन वाजला. साहेबांनी पाहिलं, चेहरा बदलला. “घ्यावा लागेल,” म्हणाले. उठले. टोक फरशीवर अलगद ठेवलं, हे मात्र विसरले नाहीत, ताणलेली स्प्रिंग एकदम सोडायची नसते. “चालू ठेवा सर, मी आलोच,” असं दारातून म्हणाले. शिपायाने त्यांच्या गुडघ्यावरची धूळ झटकली.

‘आलोच’ म्हणालेला माणूस किती वेळात येतो, हे शिक्षकांना चांगलं माहीत असतं.

“सर, मी धरू का?” नवीन बाई म्हणाल्या. त्या बाकावरून उठून अर्ध्या वाटेत आल्यासुद्धा होत्या.

“नको,” सर म्हणाले. जरा जास्तच पटकन. “टेबल आहे.”

त्यांनी स्वतः जाऊन दुसरं टोक टेबलाच्या लोखंडी पायाला बांधलं. गाठ घट्ट आवळली. परत आपल्या जागी आले, बसले, झटका दिला. लाट गेली, पायावर आपटली, आणि डावीकडून परत आली. इतकी स्वच्छ, इतकी ठसठशीत, की सगळी खोली ‘अरेच्चा’ म्हणाली. ती परत सरांच्या हातावर आपटून पुन्हा तिकडे गेली आणि पुन्हा आली. इतक्या वर्षांत हा प्रयोग इतका चांगला कधीच झाला नव्हता.

“काय म्हणता!” जीवशास्त्रवाले ओरडले. “साहेबांपेक्षा टेबल बरं की!”

टाळ्या पडल्या. सरांनी मान लववली. नवीन बाई बाकावर जाऊन बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या.

जेवणाच्या वेळी सर ताट घेऊन रांगेत उभे राहिले. जागा धरायला कुणी नव्हतं, म्हणून व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्यानेच खाल्लं. तिथून आत, बाजूच्या खोलीत, साहेबमंडळींचं टेबल दिसत होतं. खिडकी उघडी होती. रसायन बोलत होता, आणि बोलता बोलता त्याने हातांनी काहीतरी लांबलचक ताणून दाखवलं. सरांनी घास तसाच ठेवला.

“…आणि बसमधल्या एका बाईंच्या ट्रंकेच्या कडीत याच्या स्प्रिंगचं टोक अडकलेलं! बाई उतरल्या स्टॉपवर आणि चालायला लागल्या. बसमधून स्प्रिंग ताणली जातेय, ताणली जातेय, दारातून बाहेर, रस्त्यावर! कंडक्टर म्हणतो कापा. आणि आमचा भौतिक दारात उभा राहून त्या बाईंना ओरडून सांगतोय, ‘बाई, एकदम सोडू नका, तुमच्याकडे आता ऊर्जा साठलेली आहे!’”

टेबल खदखदून हसलं. एक म्हातारे अधिकारी डोळे पुसू लागले.

“मग हो?”

“मग काय, मी धावलो. ट्रंक हळूहळू मागे आणली, पावलापावलाने, आणि कडी सोडवली. तर बाई मलाच म्हणाल्या, ‘त्या गृहस्थांना घरी कुणी नाही का समजवायला?’”

एक शब्दही खोटा नव्हता. एका वर्षी अधिवेशनाला एकाच बसने जाताना सगळं अगदी असंच झालं होतं, आणि त्याने सांगितलंही किती रंगवून. बाहेर कठड्याशी सर एकटेच हसले. जिथे हसायला हवं बरोबर तिथेच हसले. खरं तर पुढे आणखी एक गंमत होती. बाई पुढच्या बसने त्याच अधिवेशनाला आल्या होत्या, त्या मुख्य पाहुण्या निघाल्या. ते सांगायचं रसायन विसरला होता. सरांनी खिडकीकडे एक पाऊल टाकलं.

“भारीच माणूस दिसतो,” म्हातारे अधिकारी म्हणाले. “आता कुठे असतो तो?”

“असेल इथेच कुठेतरी,” रसायन म्हणाला. “फार भला माणूस.” आणि त्याने भाताचं भांडं शेजारच्याकडे सरकवलं. विषय निधीच्या वाटपावर गेला.

टाकलेलं पाऊल सरांनी मागे घेतलं. राग आला नाही. राग यायला त्याने काही वाईट म्हणायला हवं होतं. मग त्यांनी ताट धुवायच्या जागी नेऊन ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावली.

फाटकाशी मागून चपलांची घाई ऐकू आली. नवीन बाई होत्या.

“सर, थांबा ना. ती जिरलेली लाट मला करून बघायचीय. हात किती सैल सोडला की परत येत नाही, ते. सगळे जेवताहेत, खोली मोकळी आहे. दुपारच्या सत्राला वेळ आहे अजून.”

“बस आहे माझी,” सर म्हणाले.

“आत्ता?”

“हो, आत्ताच.”

बाई ओशाळल्या. “बरं. मग पुढच्या वर्षी,” म्हणाल्या आणि परत गेल्या.

बस आत्ता नव्हती. बराच वेळ नव्हती. स्टॉपवर दुपारचं कुणीच नव्हतं. सर बाकावर बसले आणि पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, कुणासाठी जागा धरावी तशी. मग त्यांना आठवला तो तळव्याकडे बघणारा रसायन. लाट हातात येते आणि जिरते, तेव्हा काय वाटत असेल? सरांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते कायम झटका देणाऱ्या टोकाला होते. दुसरं टोक त्यांनी कधी धरूनच पाहिलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून स्प्रिंगचं टोक बाहेर काढलं, मुठीत घेतलं, मग मूठ थोडी सैल सोडली. काहीच झालं नाही. कसं होणार, पलीकडून कुणी झटका देत नव्हतं. हे काही एकट्याने करून बघण्यासारखं नव्हतं.

ते उठले. शाळेच्या फाटकाकडे पाहिलं. आतून दुपारच्या सत्राची घंटा ऐकू आली, मग बाकं सरकल्याचा आवाज, मग लाऊडस्पीकरवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करू लागलं. आता मध्येच आत जायचं म्हणजे सगळ्यांच्या माना वळणार. सर उभेच राहिले, टोक हातात धरून, जावं की बसावं ते न ठरवता. रस्त्याच्या वळणावर बस दिसली तेव्हाही ते तसेच उभे होते, आणि त्यांचा टोक धरलेला हात पाहून, गाडीलाच हात केलाय असं समजून, ड्रायव्हरने गाडी थांबवली.